तंजावरचे दफ्तर आणि त्याची नवी कोठी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि त्याच नगरातील तमिळ विश्वविद्यालयात मराठी राजवटीचे जे मोडी कागद आज जतन करून ठेवलेले आहेत, त्यांच्या अंकीय छायाप्रती कोणत्या यंत्रावर, कोणत्या जाळ्यातून आणि कोणत्या गावी साठवाव्यात, हा प्रश्न केवळ संगणकाच्या जाणकारांचा आहे असे मानून इतिहासाच्या अभ्यासकांनी व सामान्य मराठी वाचकाने त्याकडे पाठ फिरवावी, हे मला घातक वाटते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास कावेरीच्या खोऱ्यात स्थापिलेले राज्य १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर, गादीला पुत्र नाही या सबबीवर, कंपनी सरकारने खालसा केले. राज्य गेले, तरी जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांचा त्याचा कारभार कागदावर शिल्लक राहिला: वाड्याचा जमाखर्च, देवस्थानांच्या नेमणुका, ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रासारख्या अन्नछत्रांची व्यवस्था, वैद्य, गवई, कारागीर यांची वेतने. मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेर राज्य कसे चालविले याची इतकी तपशीलवार साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि ती साक्ष यापुढे मूळ कागदांइतकीच त्यांच्या प्रतिमांच्या भरवशावर टिकणार आहे.

या संग्रहाचे मोठेपण ज्यांनी वाढविले ते सर्फोजीराजे १७९८ त गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा प्रत्यक्ष कारभार इंग्रजांकडे गेला. हातात उरलेले बळ त्यांनी विद्येकडे वळविले. १८०५ साली त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, काशीयात्रेहून पोथ्या आणविल्या, युरोपातून ग्रंथ मागविले आणि त्यांवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत सह्या केल्या. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास १८०३ साली शिळेवर कोरविला तोही त्यांनीच. पुढे तंजावरास न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० साली छापली, आणि १९१८ मध्ये हे ग्रंथालय जनतेसाठी खुले झाले. आज तेथील हस्तलिखिते चाळीस हजारांच्या वर आहेत, त्यांत मराठी पोथ्या तीन हजारांहून अधिक. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निराळे, आणि तेही हजाराहून अधिक.

या रुमालांतला एखादा बंद उजेडात धरून पाहिला म्हणजे साठवणुकीच्या प्रश्नाचा आकार ध्यानात येतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली आहे, मग त्या रेघेखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे सोडली आहेत. कोठे शाई संपत आली असता फराटा फिकट झाला आहे, कोठे घडीवरचा कागद विरून अक्षर अर्धे उरले आहे, आणि कोठे कसरीने पाडलेले छिद्र नेमके अनुस्वाराच्या जागी आले आहे. अनुस्वार कोणता, छिद्र कोणते आणि डाग कोणता, हे प्रतिमेवरून ओळखता आले पाहिजे. एरवी ती प्रतिमा वाचकाच्या कामाची नाही. म्हणून तपशील गाळून फाइल लहान करण्याचा जो सोपा मार्ग घरगुती छायाचित्रांसाठी वापरतात, तो येथे वर्ज्य मानावा लागतो. इंचास चारशे बिंदू या प्रमाणाने फुलस्केपाहून थोडे लहान पान पूर्ण रंगात टिपले, तर त्याची न दाबलेली प्रतिमा सुमारे ५० मेगाबाइट भरते. अशी दहा लाख पाने झाली की ५० टेराबाइट होतात, आणि पोथ्या व कागद मिळून पाने एक कोटीवर गेली तर ५०० टेराबाइट. मोठ्या बँकेच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक अनुदानाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

आता यंत्रांची निवड कशी होते ते पाहू. डेटा सेंटरमध्ये हिशेब करणारे सर्व्हर एका बाजूस असतात आणि माहिती साठविणाऱ्या डिस्कांची कपाटे दुसऱ्या बाजूस. या दोहोंना जोडणारे जे खास जाळे, त्यालाच स्टोरेज नेटवर्क म्हणतात. त्यात मानाचे स्थान गेली तीस वर्षे फायबर चॅनल या पद्धतीचे आहे. १९९४ साली तिचे प्रमाणीकरण झाले, आणि तिचे वैशिष्ट्य असे की घेणारे यंत्र आपल्यापाशी किती जागा रिकामी आहे हे आधी कळविते, आणि पाठविणारे त्याहून एक खेपही जास्त पाठवीत नाही. त्यामुळे गर्दी झाली म्हणून वाटेत माहिती टाकून दिली, असे तेथे सहसा घडत नाही. साध्या इथरनेटवर अशी टाकाटाक होते, टाकलेले पुन्हा मागवावे लागते, आणि तेवढा विलंब लागतो. फायबर चॅनलच्या सर्व्हरमागे जाऊन पाहिले तर दोन बारीक केबली दिसतात. त्यांतली एक ‘अ’ जाळ्याच्या स्विचला जाते आणि दुसरी ‘ब’ जाळ्याच्या. ही दोन जाळी एकमेकांना कोठेही जोडलेली नसतात, हेतुपुरस्सर जोडलेली नसतात, कारण एका जाळ्यात कोणी चुकीची आज्ञा दिली तर तिचा उपसर्ग दुसऱ्यास पोचू नये. विजेच्या वायरीही तशाच दोन असाव्यात आणि दोन निराळ्या फळ्यांवरून याव्यात. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, रुग्णालयातील नोंद, जेथे क्षणात हजारो लहान लहान फेरफार होतात आणि त्यांतला एकही हरवून चालत नाही, तेथे हे जाळे शोभते आणि त्याची किंमतही वसूल होते.

परंतु दफ्तराचा स्वभाव निराळा आहे. १८२० सालच्या यादीत आज कोणी फेरफार करणार नाही. तिची प्रतिमा एकदा लिहावयाची, क्वचित वाचावयाची आणि शतकानुशतके अबाधित ठेवावयाची. तिला वेग लागत नाही, दीर्घायुष्य लागते. असे असता सार्वजनिक संस्थांच्या निविदांत बँकेच्या तोलामोलाचे फायबर चॅनल जाळे, अतिवेगवान डिस्का आणि त्यांवरची तीन वर्षांची देखभाल मागविण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती मला चिंताजनक वाटते. पैसा सगळा एका खोलीतल्या एका देखण्या कपाटावर खर्च होतो आणि दुसऱ्या गावी दुसरी प्रत ठेवण्याची पाळी आली की तरतूद संपलेली असते. तंजावरसारख्या संग्रहासाठी स्टोरेजचे जाळे रचताना पहिला प्रश्न ‘किती वेगाने वाचता येईल’ हा विचारला जातो. तो तिसरा किंवा चौथा असावयास हवा. अव्वल प्रश्न हा की ही प्रत नष्ट कशी होईल, आणि ती नष्ट झाली असता कोणत्या गावातील कोणत्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येईल.

या दृष्टीने पाहता माझी शिफारस अशी राहील. छायाचित्रण जेथे चालते त्या कार्यशाळेत साध्या इथरनेटवरची, सामायिक फोल्डरची सोय पुरे आहे. तंत्रज्ञ तिला नॅस म्हणतात, ती स्वस्त असते आणि कोणताही प्रशिक्षित कर्मचारी ती सांभाळू शकतो. मूळ प्रतिमांची कायमची कोठी मात्र ऑब्जेक्ट स्टोरेज या पद्धतीची असावी. तीत प्रत्येक प्रतिमेबरोबर तिचे वर्णन बांधलेले राहते, म्हणजे रुमाल क्रमांक, बंद क्रमांक, तिथी, विषय, प्रतिमा घेतल्याचा दिनांक हे सारे तिच्यासोबतच प्रवास करते. प्रतिमेचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर अशा गणिताने वाटलेले असतात की त्यांतली दोनतीन यंत्रे एकदम बंद पडली तरी उरलेल्या तुकड्यांवरून मूळ प्रतिमा जशीच्या तशी सिद्ध होते, आणि यंत्र जुने झाले म्हणजे ते काढून नवे बसविताना सबंध कोठी रिकामी करावी लागत नाही. बर्नेल यांच्या सूचीचे महत्त्व ज्याने ओळखले आहे त्याला या वर्णनाचे महत्त्व निराळे सांगावयास नको: ज्या प्रतिमेला नाव नाही आणि रुमालाचा पत्ता नाही, ती डिस्कवर सुखरूप असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने हरवलेलीच असते. कोठीला जोडूनच चुंबकीय टेपांचा एक संच असावा. २०२१ साली आलेल्या, एलटीओ या टेपप्रकाराच्या नवव्या पिढीच्या एका टेपेवर १८ टेराबाइट मावतात, म्हणजे दहा लाख पाने तीन टेपांत बसतात. टेप कपाटात निपचित पडून असते, तिला वीज लागत नाही, आणि जाळ्याला जोडलेलीच नसल्यामुळे जाळ्यातून येणारा दरोडेखोर तिला शिवू शकत नाही. तिची एक अडचण सांगितली पाहिजे. नवी टेपयंत्रे आता मागची फार तर एकच पिढी वाचतात. सबब दर सातआठ वर्षांनी जुन्या टेपांवरचा मजकूर नव्यांवर उतरविण्याची तरतूद आरंभापासूनच अंदाजपत्रकात धरावी लागते.

दरोडेखोराचा उल्लेख अलंकारासाठी केलेला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स या अग्रगण्य रुग्णालयाच्या सर्व्हरांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि जवळजवळ दोन आठवडे तेथील नोंदणी हाताने, कागदावर करावी लागली. असे हल्लेखोर आधी मूळ माहिती कुलूपबंद करतात आणि मग जाळ्यातून दिसेल ती प्रत्येक राखीव प्रत शोधून तीही नासवितात. तस्मात जी प्रत जाळ्यातून दिसतच नाही तीच अशा प्रसंगी खरी उपयोगी पडते.

अग्नीने तर दोनदा जगाला इशारा दिला आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक सबंध इमारत जळाली, आणि ज्या ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या त्यांचे दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली. त्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामकाजाच्या फायली जेथे ठेवल्या जात, ती ८५८ टेराबाइटची कोठी भस्मसात झाली. तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती, आणि प्रत का नव्हती याचे कारण अधिकाऱ्यांनी असे दिले की कोठीचा आकारच फार मोठा होता. संगणकविद्येत अग्रेसर असलेल्या, संपन्न देशाच्या सरकारवर हा प्रसंग यावा, याचे मला फार वाईट वाटते, आणि तंजावरच्या कागदांचा विचार करताना तो आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, कारण एक कोटी पानांचा आपला हिशेब त्याच्या निम्म्याहून वर जातो. उलट बाजूचे उदाहरण जर्मनीचे आहे. ३ मार्च २००९ रोजी कलोन शहराचा दफ्तरखाना भुयारी रेल्वेच्या कामामुळे कोसळला आणि मध्ययुगापासूनचे कागद ढिगाऱ्याखाली गेले. तेव्हा त्यांतील बऱ्याच कागदांच्या सूक्ष्मचित्रफिती दूर काळ्या अरण्यातील एका जुन्या खाणीत सुरक्षित होत्या. महाराष्ट्राला स्वतःचा अनुभव नाही असे नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तेव्हा ज्ञानसंग्रहाला धोका केवळ निसर्गापासून असतो ही आपली समजूत एका दिवसात मोडली.

म्हणून गावाचा प्रश्न. तंजावर समुद्रापासून फार लांब नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमच्या बाजूने जमिनीवर आले तेव्हा नागपट्टिणम, तिरुवारूर, पुदुक्कोट्टै आणि तंजावर या जिल्ह्यांत विजेचे खांब हजारोंनी कोलमडले, नारळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि खेडोपाडी वीज परत यावयास कित्येक दिवस लागले. डेटा सेंटरचे जनित्र सहसा दोन दिवसांच्या डिझेलवर चालते. रस्ते बंद असले तर तिसऱ्या दिवशी डिझेल कोण आणणार, हा विचार जागा निवडतानाच करावयाचा असतो. दुसरी प्रत चेन्नईत ठेवावी हे ओघानेच सुचते, आणि एक प्रत तेथे असावीही. तेथे समुद्रतळाच्या केबली येतात, मोठी डेटा सेंटरे आहेत, कुशल माणसे आहेत. तथापि डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग वादळ ज्या शहराने सोसले ते शहर तंजावरच्याच किनाऱ्यावरचे, त्याच ईशान्य मोसमी पावसाच्या वाटेवरचे आहे. एकाच वादळाच्या टापूत येणाऱ्या दोन प्रती या पुरत्या दोन नव्हेत.

येथे अंतराचे गणित आडवे येते असे काही अभियंते सांगतात. ते खरे आहे, पण दफ्तराला ते लागू नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तंजावर ते चेन्नई केबलीचे अंतर साडेतीनशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन साडेतीन सहस्रांश सेकंद लागतात. पुण्यापर्यंत सरळ रेषेतच हजार किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यास किमान दहा सहस्रांश. बँकेच्या खात्यात प्रत्येक नोंद दोन्ही गावी एकाच वेळी उमटली पाहिजे असा नियम असतो, आणि तेथे दर नोंदीमागे दहा सहस्रांश थांबणे परवडत नाही. म्हणून बँकेचे जोडकेंद्र सहसा शंभर किलोमीटरांच्या आत असते. मोडी कागदाची प्रतिमा पुण्यास आज पोचली काय आणि चार दिवसांनी पोचली काय, कोणाचेच नुकसान होत नाही. सेकंदास एक गिगाबिट वाहून नेणारी साधी केबल पूर्ण क्षमतेने वापरली तर ५० टेराबाइट पाच दिवसांच्या आत पोचतात. तिचा दहावा हिस्सा मिळाला तरी दीड महिना लागेल. आणि तेवढीही केबल नसली तर टेपांची पेटी आगगाडीने पाठवावी, त्यात कमीपणा मानू नये.

प्रती वाढल्या की त्यांचा मुकाबला करण्याचे कर्तव्य वाढते. जुन्या दफ्तरांत नक्कल तयार झाली की एक जण असल वाचीत असे आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून ताडून पाहत असे. यंत्राच्या कोठीतही हे केलेच पाहिजे, कारण डिस्कवरचे अक्षर कालांतराने आपोआप, कोणतीही सूचना न देता, बदलू शकते. प्रत्येक प्रतिमेपासून गणिताने एक लहानशी अंकमुद्रा काढून निराळ्या वहीत ठेवतात. प्रतिमेतला एक बिंदू जरी पालटला तरी पुन्हा काढलेली मुद्रा जुळत नाही, आणि मग निर्दोष प्रतीवरून सदोष प्रत दुरुस्त करता येते. ही तपासणी वर्षातून एकदा सबंध कोठीची व्हावी. त्याखेरीज कोणताही एक रुमाल निवडून तो दूरच्या प्रतीवरून रिकाम्या यंत्रावर पुन्हा उभा करून दाखवावा, आणि तो मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाने समक्ष वाचून पाहावा. राखीव प्रत आहे असा अहवाल आणि ती प्रत खरोखर वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आपत्तीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, भाड्याच्या क्लाउडमध्ये सारे टाकून मोकळे व्हावे. एक प्रत तेथे ठेवण्यास माझी ना नाही. लहान संस्थेला त्याने मोठाच आधार मिळतो. परंतु भाडे दर महिन्यास येते, साठविलेले परत काढून घेताना निराळे शुल्क पडते, आणि एखाद्या वर्षी अनुदान अडकले तर भाडे थकलेल्या मालाचे काय होते हे करारातील बारीक अक्षरांत लिहिलेले असते. इतिहासाच्या अस्सल साधनाची एकमेव प्रत भाडेकराराच्या हवाली करणे कोणत्याही दफ्तरदाराने पत्करू नये.

शेवटी खर्चाचा आणि जबाबदारीचा प्रश्न उरतो. यंत्रे विकत घेण्यास सरकारी तरतूद तुलनेने लवकर मिळते. ती सांभाळणारा माणूस, त्याचा पगार, दर पाचसहा वर्षांनी डिस्का बदलण्याचा खर्च, यांना कायमची तरतूद मिळणे कठीण जाते. तमिळनाडूने या संग्रहाचा सांभाळ केला, तमिळ विश्वविद्यालयाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली; मराठी भाषकांच्या सरकारने या कामी आपला वाटा उचलणे आता न्याय्य आहे. पुण्यात पेशवे दफ्तर सांभाळणारे राज्याचे पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसे आहेत, आणि ते शहर बंगालच्या उपसागरातील वादळांच्या टापूबाहेर आहे. तंजावरच्या मोडी प्रतिमांची तिसरी प्रत तेथे ठेवण्याचा करार दोन्ही राज्यांनी करावा. त्यात प्रतिमांवरील हक्क तंजावरच्या संस्थांचाच राहील हे स्पष्ट लिहावे, पुण्याच्या कोठीचा, तिच्या केबलीचा व वार्षिक मुकाबल्याचा खर्च महाराष्ट्राने उचलावा, आणि पुण्यातील अभ्यासकांना तेथल्या तेथे त्या वाचण्याची मुभा असावी. बदल्यात मोडी वाचून प्रत्येक बंदाचे चार ओळींचे वर्णन तयार करण्याचे काम पुण्याने अंगावर घ्यावे, कारण तंजावरला आज मोडी वाचणारे थोडे आहेत आणि वर्णनावाचून कोठी मुकी राहते. निविदा काढण्यापूर्वी हा करार व्हावा. जाळ्याचा आराखडा त्या कराराप्रमाणे आखला जाईल, आणि स्विच किती, डिस्का किती, केबलीची क्षमता किती, हे आकडे मग कागदावर मांडावयास एक आठवडाही लागणार नाही.